अंगदच्या पुस्तकातला भोंग्या

अन्याय माझ्यावर झाला आहे. गेल्या शनिवारी, सकाळची शाळा सुटायला थोडा वेळ असताना, आमच्या गावच्या शाळेत आठवीच्या वर्गात, माझा लहानपणापासूनचा मित्र अंगद यानं स्वतः लिहिलेल्या कादंबरीतलं एक प्रकरण पोरांना वाचून दाखवलं. त्यात भोंग्या नावाचा एक मुलगा आहे. तो सतत ओरडतो, सतत कुणाचा तरी निषेध करतो आणि तोही नेमका चुकीच्या ठिकाणी करतो. पोरं बाकांवर लोळून हसली. सोमवारी मी नेकनूरच्या स्टँडवर उभा असताना त्यातलंच एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, "ते बघ, भोंग्या चाललाय."

मी चाललो नव्हतो, उभा होतो. पण खुलासा कुणाकडे करणार?

मी पत्रकं काढतो. रस्त्यासाठी काढली, पाण्याच्या टँकरसाठी काढली, सकाळच्या बससाठी तर दर वर्षी काढतो. बस अजून सुरू झालेली नाही, पण पत्रकाची भाषा कडक होती असं एका साहेबांनी स्वतः सांगितलं. पहिल्याच ओळीत कुणावर अन्याय झाला आणि केव्हा झाला ते आलं पाहिजे, हे मला चळवळीत शिकवलं गेलं. आजवर त्या ओळीत मी दुसऱ्यांची नावं घालत आलो. स्वतःचं घालायची ही पहिलीच वेळ, आणि खरं सांगायचं तर जरा बरं वाटतंय.

आता अंगद. स्टँडसमोर त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दुकान सोडून तो पाच मिनिटं चहाला गेला आणि परत आला, की दारातच विचारतो, "मी न्हवतो तवा काय झालं?" काही झालेलं नसतं. एक माणूस आधार कार्डाची झेरॉक्स मागायला येऊन गेलेला असतो. पण अंगदला तेवढं चालत नाही. माणूस कुठला होता, घाईत होता का, आधार कार्डावरचा फोटो त्याच्यासारखा दिसत होता का, हे सगळं सांगावं लागतं. लग्नाला उशिरा पोचला तर नवरा-नवरी सोडून तो मंडपवाल्याशेजारी जाऊन बसतो आणि सकाळपासूनची हकीकत ऐकतो.

मागे त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. भूल उतरली, डोळे उघडले आणि त्यानं डॉक्टरांना विचारलं, "मी न्हवतो तवा काय झालं?"

डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स काढलं."

"ते झालं हो. पर तुमी आपसात काय बोलत होते?"

डॉक्टर सज्जन. ते म्हणाले की त्यांच्या प्लॉटच्या कंपाउंडचं बोलणं चाललं होतं, शेजारी हातभर आत सरकलाय. मग अंगद समाधानानं झोपला.

त्याचं दुसरं वेड म्हणजे खोडी. माणसाच्या खोडी तो चवीनं गोळा करतो. ज्याला खोड नाही त्याच्यावर त्याचा विश्वास बसत नाही. "बिनखोडीचा माणूस गोष्टीत टिकत न्हाई बे," तो म्हणतो, "पान उलटलं का गळून पडतो." मुलगी बघायला गेला तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यानं थेट विचारलं, "तुमची खोड काय?" मुलीचे वडील उठून उभे राहिले. मी सोबत होतो, मीही उठलो, कारण अशा वेळी दाराजवळ असलेलं बरं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मला मधीच बोलायची खोड हाय." ती आता त्याची बायको आहे. खोड खरी निघाली.

कादंबरी त्यानं बिनखोडीच्या माणसांवरच्या रागातून लिहायला घेतली. बाळगोष्टींचं वय गेलंय आणि मोठ्यांची पुस्तकं अजून हातात पडत नाहीत, अशा पोरांसाठी शाळेच्या कपाटात जी पुस्तकं असतात ती अंगदनं सगळी वाचली आहेत. "त्यातली पोरं सकाळी उठतात, दात घासतात अन थेट देशसेवेला लागतात," तो म्हणतो. "एकाला दुसऱ्याचा राग येत न्हाई. एक दुसऱ्याची पेन्सिल ढापत न्हाई. मंग ते दोस्त हायेत हे वळखायचं कशावरून?"

म्हणून त्यानं आम्हाला पुस्तकात घातलं. मी भोंग्या. आमच्या वर्गातली दैवशाला, जी आता गावात अंगणवाडी चालवते, ती फौजदारीण. विहिरीत उतरायचं ठरलं की पोट दुखणारा बिभीषण, तो पोट्या. पुस्तक छापायला एक प्रकाशक तयार आहे. अंगदची कित्येक वर्षं त्यात गेली आहेत. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप करायचे आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतःचं पान उघडायचं, असं ते लिहिलेलं आहे. पण त्यानं आम्हा तिघांना सांगून ठेवलं होतं, "तुमच्यापैकी एक जरी न्हाई म्हणला तर मी छापत न्हाई. कायमचं." दैवशाला हो म्हणाली. बिभीषणनं पुण्याहून फोनवर हो सांगितलं. राहिलो मी.

मी नाही म्हणालो. तोंडी नाही, रीतसर. 'कादंबरीच्या नावाखाली चाललेली बदनामी थांबवा' या मथळ्याचं पत्रक लिहिलं आणि टाइप करायला अर्थातच अंगदकडे नेलं, कारण माझं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नाही. त्यानं ते न कुरकुरता टाइप केलं. उद्गारचिन्हं काढून टाकली. ती तो नेहमीच काढतो, "एका पानावर एकदा वरडावं" असं त्याचं मत आहे. मग चष्मा वर करून म्हणाला, "परम्या, तिसरा मुद्दा ढिला हाय. तिथं एखादा पुरावा दे."

"तुझ्याच विरुद्ध आहे ते."

"म्हणून तर सांगायलो. माझ्याविरुद्ध हाय अन पडलं तर दुकानाचं नाव जाईल."

तिसरा मुद्दा असा होता : भोंग्या रविवारी मुख्याध्यापकांच्या खोलीला घेराव घालतो, हा प्रसंग द्वेषातून रचलेला आहे. आता वाळू वाहणाऱ्या हायवा ट्रकांविरुद्ध आम्ही गेवराईला तहसील कचेरीवर मोर्चा नेला होता ही गोष्ट खरी. त्या दिवशी कसली तरी जयंती होती आणि कचेरीला कुलूप होतं हीही खरी. मी कुलपासमोर उभा राहून भाषण केलं. शिपाई म्हणाला, "साहेब न्हाईत, पर तुमी बोला, मी ऐकतो," आणि स्टूल घेऊन बसला. शेवटी त्यानं टाळ्याही वाजवल्या. पण याला पुरावा म्हणून कसं जोडणार? मी तिसरा मुद्दा मागे घेतला. दुसरा मुद्दा भोंग्या भाषण करताना रडतो याबद्दल होता. तोही अंगदकडे बघून मागे घेतला. पहिला मुद्दा नुसता तीव्र निषेध होता, तो ठेवला.

"बरं," अंगद म्हणाला. "तुझ्या खोडी काढून टाकतो. मंग छापू का?"

"मग बघू," मी म्हणालो. आपण वाटाघाटी जिंकतोय असं मला वाटत होतं. असा अनुभव मला फारसा नाही.

बुधवारी त्यानं सुधारलेलं प्रकरण त्याच वर्गात वाचलं. मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसलो. भोंग्याचं नाव आता प्रकाश झालं होतं. प्रकाश वेळेवर उठला. त्यानं मुख्याध्यापकांना अडचण नम्रपणे सांगितली आणि मुख्याध्यापकांनी ती दूर केली. प्रकाशनं मित्रांना समजावलं, मित्रांना समजलं. पोरं शांत होती. एक जण खिडकीतून शेळी बघत होता. दुसऱ्या पानावर मला स्वतःला जांभई आली, आणि ती दाबताना मला कळलं की इतक्या सद्गुणी माणसाशी मी एक दिवस मैत्री केली नसती. वाचन संपल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, भोंग्या मेला का?"

"न्हाई," अंगद म्हणाला. "सुधारला."

मुलगी खाली बसली. सुतकात बसावं तशी बसली.

तरी मी ताणून धरलं. तत्त्वाचा प्रश्न होता. तत्त्व कोणतं ते मी शोधत होतो, तेवढ्यात संध्याकाळी दैवशाला दुकानात आली. तिनं पिशवी काउंटरवर ठेवली आणि फौजदारिणीच्याच आवाजात सुरुवात केली.

"परम्या, कावून अडवून धरलंयस रे? मी नवऱ्याला माझं प्रकरण वाचून दाखवलं. त्यो म्हणला, लई कमी लिवलंय. मी गप बसले का न्हाई?"

"तू गप बसलीस?"

"बसले म्हणजे त्याला गप बसवलं. एकच झालं." मग ती अंगदकडे वळली. "पर मला तुला एक इचारायचंय. ह्या पुस्तकात पावसाळा कसा न्हाई रे? सगळं थंडीत न्हाईतर उन्हाळ्यात घडतंय. गॅदरिंग, विहीर, सहल, परीक्षा. जून ते दिवाळी आमी काय झोपलो होतो का?"

अंगदनं झेरॉक्स मशीनचं झाकण उघडलं आणि कागद अडकलाय का ते बघितलं. अडकलेला नव्हता.

"पावसाळ्यात मी हितंच होतो की," तो म्हणाला. "त्याच्यात काय लिवायचं?"

हे सांगायचं राहिलं. अंगदचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गावातून ट्रक निघायचे, त्यात भांडी, कोयते, शेळ्या आणि अंगद. आमच्याकडे अर्धं गाव असं जातं, त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटून मी लिहिलं नव्हतं. त्याचं नाव हजेरीत असायचं आणि बाक मोकळा. कडक उन्हात तो परत यायचा. त्या संध्याकाळी दुकानात मला पहिल्यांदा जाणवलं की त्या कादंबरीत भोंग्या आहे, फौजदारीण आहे, पोट्या आहे, पण अंगद कुठेच नाही.

"आणि तू रे?" मी विचारलं. "तू का नाहीस पुस्तकात?"

"मी कसा असंल? मी उसाच्या फडावर होतो."

"मग हे सगळं तुला—"

"तूच सांगितलंस की बे. आल्यावर शाळेच्या मागं बसून. अन लई फेकायचास. गॅदरिंगला हत्ती आलता म्हणलास. त्यानं हेडमास्तरच्या गळ्यात हार घातला म्हणलास."

"तुला खरं वाटलं?"

"आपल्या शाळेच्या फाटकातून बैलगाडी आत येत न्हाई, हत्ती कसा यील? खोटं हाय ते कळायचं." त्यानं झाकण बंद केलं. "पर बाकीच्यांना इचारलं का म्हणायचे, काय न्हाई, नेमीचंच. तू एकटा बसायचास. दोन दोन दिवस सांगायचास. मंग पुढल्या साली उसाचं पाचट वढताना मला तेच पुरायचं. तवा मी तुमच्यासंगं विहिरीत बी उतरायचो."

दैवशाला पिशवीतलं काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ शोधत राहिली.

"म्हणून त्यो पोरगा वरडतो," अंगद म्हणाला. "लांबून ऐकू यावं लागायचं."

मी पत्रकातला उरलेला पहिला मुद्दाही दोघांसमोर खोडला. मग म्हणालो, "छाप. ओरडणारा छाप, रडणारा छाप. कुलपासमोरचा घेराव छाप. पण एक अट आहे. तू स्वतः पुस्तकात ये."

"मी तिथं न्हवतोच. खोटं कसं लिवू?"

"हत्ती चालतो आणि तू चालत नाहीस?"

तेवढ्यात एक बाई रेशन कार्डाची झेरॉक्स मागायला आली. अंगदनं ती काढून दिली, दोन्ही बाजू, अगदी हळू. बाई गेल्यावरही त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत मी रोज त्याच्या काउंटरसमोर बसणार आहे, ते माझ्यावर सोडा.

या पत्रकाची तुमच्याकडे मागणी वेगळी आहे. दिवाळी तोंडावर आली आहे. तुमच्या वर्गातलं, तुमच्या गल्लीतलं, तुमच्या मुलीच्या बाकावरचं एखादं पोर दिवाळीनंतर दिसेनासं होईल. उन्हाळ्यात ते परत येईल, रापलेलं, थोडं उंच झालेलं, आणि काय काय झालं ते विचारेल. काही नाही, नेहमीचंच, असं त्याला सांगू नका. हातातलं काम बाजूला ठेवा, त्याच्याजवळ बसा, आणि सगळं सांगा.