बार फुटावा, घुमू नये

आमचे शेजारी गुरसिद्धाप्पा बंदुकीची दारू जिभेवर ठेवून बघतात. आमटीतलं मीठ बघावं तशी. चिमूटभर काळी पूड तळहातावर घ्यायची, जिभेचं टोक लावायचं, डोळे मिटायचे आणि दुकानदाराच्या तोंडाकडं न बघता म्हणायचं, "दमट हाय. दुसरा डबा काढा." धाराशिवच्या परवान्याच्या दुकानात ते दिसले की नोकर आधी पाण्याचा तांब्या भरून ठेवतो, असं ते स्वतःच कौतुकानं सांगतात. बाजारातून जीभ काळी करून घरी येणारा दुसरा माणूस मी बघितलेला नाही.

आमचं गाव सास्तूरच्या अलीकडं. भूकंपानंतर उठवून नव्या जागी बसवलेलं. घरं एका ओळीत, एकाच मापाची. आप्पांच्या आणि माझ्या अंगणामधे तुराट्यांचं कुंपण आहे, तेही शेळीनं निम्मं खाल्लेलं. त्यामुळं त्यांच्याकडचं मला दिसतं आणि ऐकूही येतं. मी मुद्दाम कान देत नाही, पण कानांत बोळेही घालत नाही.

आप्पांकडं वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. पिकाच्या राखणीसाठी, रीतसर परवान्याची. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते. आप्पा ती जुन्या धोतरात गुंडाळतात, पोर कडेवर घ्यावं तशी एसटीत मांडीवर घेऊन बसतात आणि हवालदाराला बजावतात, "भिंतीला टेकवू नगा, ओल धरती. खिडकीखाली नगं. उंदरापासनं जपा." मागच्या खेपेला हवालदार म्हणाला, "आप्पा, माज्या सासूनं पोरगी देताना एवढं सांगितलं न्हवतं." आप्पा म्हणाले, "म्हनूनच पोरगी वाळली."

बंदुकीशिवाय गावच्या देवळाची उखळी आहे. उखळी म्हणजे लोखंडाचं जाड भांडं. त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि लांब पळायचं. जत्रेत पालखी देवळाबाहेर आली की पहिली वात लावायचा मान आप्पांच्या घराचा. त्यांच्या आज्याच्याही आधीपासूनचा. आप्पांकडं मिरवण्यासारखं दुसरं काही नाही. रान कोरडवाहू, धड सदरा एकच, तोही जत्रेसाठी ठेवलेला. पण त्या दिवशी वात हातात घेऊन चालले की म्हातारा उंच दिसायचा.

आता खरी गंमत अशी की उखळीला जाड दाण्याची दारू लागते आणि बंदुकीला बारीक. शेंबडं पोरही सांगेल. आप्पांचं म्हणणं मात्र, दोन्हींना एकच दारू पाहिजे, मधल्या दाण्याची. "एकाच चुलीवर भाकर हुती आन् कालवनबी हुतं. मग दारूच तेवढी येगळी कशाला?" आणि हे झालं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "बार फुटावा, घुमू नये."

हे वाक्य त्यांनी कशाकशाला लावावं! लग्नात फटाके वाजले की मान तिरपी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. माझ्या हातून एकदा पितळेची परात पडली, तर कुंपणाआडून आवाज आला, "फुटली, आक्का, घुमली न्हाय. झ्याक!" मी म्हटलं, "आप्पा, परात हाय ती, आन् पोचा आलाय." त्यांना पोच्याचं काही नव्हतं.

मधल्या दाण्यानं बंदूक वाजते कशी, तर वाळकी फांदी मोडल्यासारखी. रानडुकरं मान वर करतात, आप्पांना ओळखतात आणि पुन्हा ज्वारीत तोंड घालतात. माझ्या लेकाचं रान त्यांच्या बांधाला बांध लावून आहे. तो म्हणतो, "आई, आप्पांचा बार झाला की पलीकडच्या वड्यातली डुकरंबी येत्यात. त्येंला वाटतं, जेवायची घंटा झाली." हे मी आप्पांना तोंडावर सांगितलं. आप्पा म्हणाले, "खाऊ द्या. खाऊन खाऊन किती खातील?" शेतकऱ्यानं असं बोलू नये.

एकदा गावातल्या लग्नाला एक पुढारी आला. कमरेला पिस्तूल आणि मागं राखणीला एक माजी सैनिक, खांद्याला रायफल अडकवून. सगळे पुढाऱ्याच्या पाया पडत होते. आप्पा थेट पिस्तुलाशी वाकले. "सायेब, आत कोंच्या दाण्याची दारू हाय?"

पुढारी दचकला. "आजोबा, काडतूस तयार येतं. आतलं मला काय माहीत?"

"म्हंजे जेवन ठाऊक न्हाय, ढेकर तेवढी देता."

मांडवात हशा झाला. सैनिक चांगला होता बिचारा. त्यानं आप्पांना बाजूला घेऊन समजावलं की पिस्तुलाची नळी आखूड, तिला झटकन जळणारी दारू लागते. रायफलीची लांब, तिला सावकाश जळणारी. आप्पांनी विचारलं, "दोन्हीला चालंल अशी मधली एकादी?"

"असते. पण ती दोन्हींकडं भागवून नेते, आजोबा. उत्तम कुठंच चालत नाही."

"मग तीच चांगली," आप्पा म्हणाले. "परपंच तसाच चालतो."

त्या दिवशी सगळे हसले, मीही हसले. म्हातारा चक्रम आहे, असं गाव म्हणतं. तो आहेच. पण मधल्या दाण्याचं कारण वेगळं आहे. ते गावाला ठाऊक नाही. मला शेजारामुळं ठाऊक झालं.

आप्पांची बायको महादेवी. आमच्या जुन्या गावात भूकंपाची ती पहाट झाली तेव्हा जमीन आधी घुमली आणि मग हलली. महादेवीनं आप्पांना उठवलं होतं. "वो, खालनं कायतरी घुमतंय." आप्पा झोपेतच म्हणाले, "ट्रक गेला असंल. झोप." मग माळवदाची माती खाली आली. त्या दोघांना लोकांनी ओढून काढलं. लेक निघाली नाही. नुकतं पाऊल टाकायला लागली होती. हे महादेवीनं मला एकदाच सांगितलं, खुरपताना, खुरपं न थांबवता. आप्पा कधीच बोलले नाहीत.

तेव्हापासून आवाजाचं तिला काही नाही. परात पडो, फटाका फुटो, ती ढिम्म. पण घुमणारा आवाज आला, ढगाचा, उसाच्या भरल्या ट्रॅक्टरचा, की हातातलं टाकून अंगणात पळायची. आता पळणं राहिलं नाही. वय झालं, डोकं चालत नाही. मला ओळखत नाही, आप्पांना कधी ओळखते, कधी सासरा समजून पदर पुढं ओढते. पण घुमलेलं मात्र ओळखते. अंथरुणातून उठायला बघते आणि पडते. मागच्या पावसाळ्यात ढग गडगडला तेव्हा अशीच पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाला, पुन्हा पडली तर उठायची नाही.

ढगाला आप्पा काही करू शकत नाहीत. ट्रॅक्टरलाही नाही. दारू तेवढी त्यांच्या हातात होती. पुऱ्या जोराचा बार, उखळीचा असो की बंदुकीचा, घुमतो; मधल्या दाण्याचा नुसता फुटतो.

या वर्षी जत्रेची समिती बदलली. अध्यक्ष दत्ता, दुधाची गाडी चालवतो. पोरगा वाईट नाही, आवाज मोठा आहे. देवळापुढं बैठक झाली, बायका कट्ट्याच्या कडेला, मीही होते. दत्ता म्हणाला, "आप्पा, मागल्या साली पालखी भाईर येऊन हुबी राहिली आन् भोई इचारायलेत, बार कवा हुनार? बार हून गेल्ता! औंदा जाड दाना आनलाय. पार लोहाऱ्यापत्तुर गेला पायजे आवाज. वात तुमीच लावा. मान तुमचा, दारू आमची."

"माजी दारू नसंल तर माजी वातबी न्हाय," आप्पा म्हणाले.

"मग मान जाईल, आप्पा. एकदा दुसऱ्याच्या हातात वात गेली की परत यायची न्हाय. इचार करा."

मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, डुकरं भेत न्हाईत तुमच्या बाराला, आन् तुमी आमच्या बाराला भेता व्हय?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "म्या भेतो."

अख्खं देऊळ हसलं. आप्पा उठले, पायात वहाणा घातल्या आणि चालू लागले. मी गुडघे सांभाळत मागून गेले. वाटेत म्हटलं, "सांगायचं व्हतं की त्येंला. कारण सांगितलं तर ऐकलं असतं."

"काय सांगू, आक्का? बायकू भरमिष्ट झालीया म्हनून? ती शानी व्हती तवा गावात कुनी तिचं नाव घेतलं न्हाय. आता देवळात घेऊ?" चार पावलं गेल्यावर म्हणाले, "आन् मान घेऊन म्या काय करू? तिचं हाड जुळंल का त्येनं?"

 मग मीही गावात कुणाजवळ तिचं नाव घेतलं नाही.

जत्रेच्या दिवशी सगळी ओळ देवळाकडं गेली. मी गुडघ्यांमुळं घरीच. ऊन उतरताना चुलीवर आमटीला फोडणी दिली आणि दारात आले. कुंपणापलीकडं आप्पांनी बाज आधीच अंगणात ओढून ठेवली होती. तिच्यावर महादेवीला निजवलं होतं, आणि आप्पा जत्रेतला सदरा घालून खाली मातीत बसले होते, बाजेला पाठ लावून. वात लावायला निघालेल्या माणसासारखे दिसत होते. देवळाकडची हलगी चढत गेली, थांबली. आता बार होणार हे दोघांनाही कळलं, मला आणि त्यांना. आप्पांनी वळून महादेवीचे दोन्ही हात धरले.

बार झाला. पत्र्याच्या फळीवरची माझी भांडी वाजली. आवाज जमिनीतून आला, तळपायातून वर चढला. 

महादेवी उठायला धडपडली. "घुमतंय! वो, घुमतंय खाली!"

"व्हय, घुमतंय," आप्पा लगेच म्हणाले.

"ट्रक हाय का?"

"न्हाय. ट्रक न्हाय. घुमतंय. आपन भाईर आलोय. बग वर, आभाळ हाय."

तिनं वर बघितलं. हात मात्र सोडवून घ्यायला बघत होती. "लेकरू? लेकरू कुठंय?"

आप्पांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "भाईर काढलंय. सगळ्यास्नी भाईर काढलंय."

"शेजारची?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. चप्पलही न घालता मी अंगणात उतरले आणि कुंपणाशी गेले.

"हाय गं, भाईरच हाय मी," मी म्हटलं.

ती निजली. देवळाकडं दुसऱ्या बारासाठी ओरडा चालला होता. आमटी करपल्याचा वास आला. मी आत गेले नाही.