वेणू मुंगूस गणिताची शाखा निवडते

एका जंगलात एक महाविद्यालय होते, मुलांनो. जंगल आधीपासूनच होते. महाविद्यालय नंतर आले आणि आल्याबरोबर जंगलाला आपला परिसर म्हणू लागले.

तिथे गणिताच्या दोन शाखा होत्या. ओढ्याच्या अलीकडे शुद्ध गणित, पलीकडे उपयोजित गणित. पलीकडचे चिखलात लोळतात, असे अलीकडचे म्हणत. अलीकडचे हवेत तरंगतात, असे पलीकडचे म्हणत.

जंगलात वेणू नावाची मुंगसाची मुलगी राहत होती. हुशार होती, पण वारूळ दिसले की ती त्याच्यासमोर बसून राही. वारुळातल्या प्रत्येक बोगद्यातून एकदाच जायचे, एकही सोडायचा नाही आणि शेवटी पुन्हा निघालो तिथेच यायचे. कोणत्या वारुळात हे जमेल आणि कोणत्या नाही? एवढाच तिचा प्रश्न होता.

"आत साप आहे का ते बघ," तिचे बाबा म्हणत. "असला तर जेवणाचं भागेल."

"मला साप नकोय बाबा. उत्तर पाहिजे."

"उत्तराला चव काय असते गं?"

प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला. सूर्य मावळेपर्यंत जो शाखा निवडणार नाही, त्याला वाणिज्य शाखेत घालत. तिथे तरस शिकवत असे. तो शिकवताना मध्येच हसे, आणि का हसला ते परीक्षेत विचारी.

"उपयोजित घे," बाबा म्हणाले. "नावातच नोकरी आहे. तो खारीचा मुलगा शुद्ध गणित शिकला. आता नुसता झाडावर बसून असतो."

"खारी झाडावरच बसतात, बाबा."

"आधी बसायचा तेव्हा काहीतरी खायचा तरी."

वेणूला मात्र शुद्ध गणितच हवे होते. आपला प्रश्न घेऊन निवांत बसावे आणि 'याचा उपयोग काय' असे कोणी विचारू नये, एवढेच तिचे मागणे होते. म्हणून ती आधी शुद्ध विभागात गेली.

दारात ही गर्दी. सुगरणी, मधमाश्या, कोळी. त्यांच्यातून वाट काढत वेणू आत गेली. विभागप्रमुख बगळे सर डोळे मिटून एका पायावर उभे होते.

"सर, प्रवेश हवा होता."

"नंतर ये, बाळ. आम्हाला सुतक आहे."

"अरेरे. कोण गेलं?"

"माझं प्रमेय." सरांनी पाय बदलला. "दोरा नसलेल्या गाठींचं होतं. सगळी उमेद घातली त्यात. काडीच्याही कामाचं नव्हतं. इतकं निर्मळ."

"मग काय झालं?"

"सुगरणींनी त्यात गवत घातलं."

रांगेतली पहिली सुगरण पुढे सरकली. "खरं सांगते, एवढं वादळ झालं पण घरटं हललं नाही. सर, पिल्लांच्या पाळण्याचंही एखादं असेल तर बघा ना."

सर कळवळले. वेणूला हळूच म्हणाले, "रोज येतात. कोणाला काही करता येऊ नये म्हणून मी सहा मितींमधला विचार केला. मधमाश्यांनी त्याची माडी बांधली."

"पण इथे नुसता विचार करता येतो ना?"

"येतो की. दार लावून. भिंतीला वाळवी कान लावून बसलेली असते, तेवढं सांभाळायचं."

वेणू भिंतीपासून लांब सरकली. बोगद्यांचा प्रश्न वाळवीच्या कानावर गेला तर जन्मभर वाळवीचे रस्ते नीट करत बसावे लागेल. ती जड पावलांनी ओढ्याकडे निघाली.

ओढ्यावर एक देखणा पूल होता. त्यावर पाटी होती, 'पुलावरून जाऊ नये.' सगळे प्राणी पुलाखालून, पाण्यातून जात होते. वेणूही तशीच गेली.

पलीकडे उपयोजित विभागाचे रानडुक्कर सर एकटेच बसले होते.

"पूल पाहिलास? आपलाच," ते म्हणाले.

"पाहिला, सर. पण त्यावरून जात का नाहीत?"

"गणित फार किचकट होत होतं. मग गृहीत धरलं की पुलावरून कोणी जाणार नाही. लगेच सुटलं. बघ, अजून कसा ताठ उभा आहे."

"आणि ते दगड कसले पडलेत?"

"ते धरण. ओढा वाहत नाही असं धरून बांधलं होतं."

"पण ओढा वाहतोय."

"त्याला तसं लेखी कळवलं आहे."

वेणूने इकडेतिकडे पाहिले. दारात कोणी नव्हते. "सर, तुमच्याकडे कोणी काम घेऊन येत नाही?"

सर खिन्न झाले. "पूर्वी यायचे. मग अस्वलाला गुहेचं छप्पर करून दिलं. त्यानंतर कोणी नाही."

"अस्वल कसं आहे?"

"बाहेर झोपतं."

"म्हणजे इथे शांतता असते?"

"दुपारी तर मला माझाच श्वास ऐकू येतो."

वेणूचे डोळे चमकले. "सर, मला एक प्रश्न सोडवायचाय. त्याचा उपयोग मात्र काही नाही."

"हरकत नाही. अर्जात 'वारूळ वाहतूक सुधारणा' असं लिही. मग कोणी वाचत नाही."

सूर्य टेकता टेकता वेणूने उपयोजित शाखेत नाव घातले. बाबांनी आनंदाने आळीभर सापाचे तुकडे वाटले. शेपटीकडचे वाटले, पण वाटले.

पुढे वेणूने खूप विचार केला. कोणी मध्ये बोलले नाही. आणि एका सकाळी तिला उत्तर सापडले. ज्या सलग वारुळात प्रत्येक नाक्यावर मिळणाऱ्या बोगद्यांची संख्या सम असते, तिथे जमते. बाकी कुठे जमत नाही. ती एकटीच अंगणभर नाचली.

तेवढ्यात कुंपणाशी वाळवी येऊन उभी राहिली. "ताई, बोगद्यांचं काहीतरी सापडलं म्हणे तुम्हाला. आमच्या गस्तवाल्यांना फार उपयोगी पडेल बघा."

वेणू नाचायची थांबली. मग ती शांतपणे म्हणाली, "न्या की. उपयोजित विभागाचं आहे."

वाळवी मागे सरकली. "उपयोजित का? मग राहू द्या, ताई. आमच्या घरात लहान मुलं आहेत."

तात्पर्य: ज्ञानाचा निखळ आनंद हवा असेल, तर नोकरीची हमी देणारी शाखा घ्यावी. जगाच्या उपयोगी पडण्याची ज्याला भीती नाही, त्यानेच शुद्ध गणिताच्या वाटेला जावे.