नऊ आकड्यांची सुनावणी

दिगंबर होनरावांनी शुक्रवारी संध्याकाळी खेळातल्या आपल्या स्थितीच्या ओळीतून नऊ आकडे काढून टाकले, आणि शनिवारी सकाळी साडेदहाला ते नऊही जण त्यांच्या घरी आले.

दार होनरावांच्या पत्नी वैजयंताबाईंनी उघडलं. सगळ्यांत पुढे एक उंच, वाळकी बाई होती. तिने नमस्कार केला.

"मी भूक. होनरावसाहेब आहेत का?"

"आहेत. दाढी करताहेत," वैजयंताबाई म्हणाल्या. "आत या सगळे. चपला बाहेर काढल्या तरी चालतील, इथून काही जात नाही."

होनराव सोलापूरच्या एका इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होते. जन्मांध. कुठल्या वॉर्डचा फोन कोणत्या नंबरावर लावायचा हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. सात वर्षांपासून ते 'बुरुज' नावाचा खेळ खेळत. या खेळात चित्रं नाहीत, सगळा किल्ला अक्षरांचा. 'उत्तरेला जा' असं टाइप केलं की 'तुम्ही तटाखालच्या पायवाटेवर आलात' असं उत्तर येतं. गावोगावची दीडेकशे माणसं त्यात वावरतात, गप्पा मारतात, लढतात. होनरावांच्या कॉम्प्युटरमधला आवाज त्यांना सगळं वाचून दाखवी. तटावरून चालताना त्यांच्यात आणि इतरांत काही फरक नव्हता. लढताना मात्र होता, आणि तो त्या ओळीमुळे.

तुम्ही काहीही केलंत की खेळ खाली एक ओळ छापतो: भूक चाळीस, तहान पस्तीस, तिथी चतुर्थी, दिशा उत्तर, ओझं सोळा शेर, ऊब साठ, प्रकाश सत्तर, लौकिक बारा, मंत्र वीस, दम पन्नास, जीव शंभर. क्रम भरतीच्या तारखेप्रमाणे. पहिली दोन वर्षं या खेळात कोणी मरत नसे, म्हणून जीव सगळ्यांत शेवटी लागला होता आणि ज्येष्ठतेच्या यादीत तळाला होता. डोळे असलेला माणूस ओळीच्या टोकाला नजर टाकून मोकळा होतो. होनरावांना अकराही आकडे ऐकावे लागत. आवाज कितीही भरभर चालवला तरी नऊ सेकंद जात. काळ्या दरवाज्याचा द्वारपाल दर चार सेकंदांनी गदा घालतो. म्हणजे आपला जीव किती उरला हे होनरावांना कळायचं तोवर आणखी दोन गदा बसलेल्या असत. त्या दरवाज्याशी ते एकतीस वेळा मेले होते.

त्यांच्या तुकडीचा म्होरक्या मिरजेचा इस्माईल मुजावर. दिवसा तंबोरे बनवायचा, खेळात धनुष्य चालवायचा. गेल्या रविवारी त्याने लिहिलं, "दिगंबरभाऊ, राग मानू नका. बाकीचे म्हणतात, ढाल दुसऱ्या कुणाकडे द्यावी. मी त्यांना एक रविवार मागून घेतलाय."

होनरावांनी त्यावर "बरं" एवढंच लिहिलं. मग आठवडाभर रोज ड्यूटीवरून आल्यावर ते खेळाची नियमावली ऐकत बसले. कलम चौदा असं होतं: 'खेळाडूस आपल्या ओळीची मांडणी सोयीनुसार करता येईल.' बावीस वर्षांत या कलमाचा वापर कोणी केला नव्हता. शुक्रवारी होनरावांनी तो केला. ओळीत दम आणि जीव, एवढेच ठेवले.

तेच बाकीचे नऊ जण आता बैठकीच्या खोलीत बसले होते. ओझं दिवाणावर बसलं तशी दिवाणाची मधली फळी करकरली. दिशा उत्तरेकडे तोंड करून बसली. प्रकाशने खिडकीजवळची खुर्ची घेतली. तिथीने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान पाहिलं आणि मान डोलावली. वैजयंताबाईंनी पोहे आणले.

"मला नको," भूक म्हणाली. "मी खाल्लं तर आकडा बदलतो."

"मग पाणी?"

"मलाही नको," तहान म्हणाली. "तेच कारण."

ऊब मात्र चहा प्यायला तयार झाली.

होनराव टॉवेलने तोंड पुसत आले. भुकेने त्यांना सगळ्यांची ओळख करून दिली. मग ती म्हणाली, "साहेब, बावीस वर्षं नोकरी झाली. एक दिवस खाडा नाही. आणि नोटीस नाही, विचारणा नाही, सरळ नाव काढलं. आम्ही कामात चुकलो असलो तर तसं सांगा."

"चुकला नाहीत," होनराव म्हणाले. "तुम्ही सगळे बरोबरच सांगता. फक्त मला तेवढा वेळ नसतो."

"वेळ नाही म्हणून बायकोला घरातून काढतात का?" ओझं म्हणालं.

"अहो, मध्ये मला कशाला आणता?" वैजयंताबाई म्हणाल्या.

भुकेने पर्समधून एक कागद काढला आणि वाचून दाखवला. खेळाच्या किल्लेदारांनी काल रात्रीच तात्पुरती स्थगिती दिली होती. रविवारी बारा वाजता, होनरावांच्या राहत्या घरी सुनावणी. निकाल लागेपर्यंत अकराही आकडे ओळीत राहतील.

"रविवारी चारला आमची चढाई आहे," होनराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता.

"आम्हाला माहीत आहे," भूक म्हणाली. "आम्हीही असतो ना तिथे."

किल्लेदार म्हणजे उषाताई पाठारे. अलिबागला नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि तेव्हापासून खेळाचा सगळा कारभार बघत होत्या. पुण्याला मुलीकडे आल्या होत्या, तिथून रविवारी सकाळच्या गाडीने आल्या. त्यांनी शिलाई मशीनवरचं झाकण बंद करून त्यावर फाईल ठेवली, चष्मा बदलला आणि विचारलं, "सगळे हजर?"

लौकिक उशिरा आला. त्याची वाट पाहणं भागच होतं.

भुकेने बाजू मांडली, आणि चांगली मांडली. कलम चौदात 'मांडणी' असा शब्द आहे, ती म्हणाली. मांडणी म्हणजे कोण आधी, कोण नंतर. ताटात वाढताना मीठ डावीकडे घ्या की उजवीकडे, ती मांडणी. मीठ फेकून देणं म्हणजे मांडणी नव्हे.

"मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे," उषाताई म्हणाल्या आणि तो लिहून घेतला. "होनराव, तुमचं म्हणणं?"

होनरावांना भाषण येत नव्हतं. फोनवर ते दिवसभर जास्तीत जास्त तीन शब्द बोलत. ते उठले आणि आपली खुर्ची त्यांनी कॉम्प्युटरसमोर सरकवली.

"मॅडम, इथे बसा. डोळे मिटा. आणि द्वारपालाशी एकदा लढून बघा."

उषाताईंनी चष्मा काढून ठेवला. नियमावली त्यांनीच लिहिलेली होती, पण लढाई त्या कधी खेळल्या नव्हत्या. वैजयंताबाईंनी त्यांच्या डोळ्यांवर ओढणीचा तुकडा बांधला. होनरावांनी त्यांची बोटं तीन बटणांवर ठेवली: हे वार, हे ढाल, हे औषध.

"औषधाच्या तीनच कुप्या मिळतात," ते म्हणाले. "जीव तिसाच्या खाली आला की घ्यायची. आधी घेतली तर वाया जाते."

उषाताईंनी वार केला. आवाज सुरू झाला: "भूक चाळीस, तहान पस्तीस, तिथी षष्ठी, दिशा पश्चिम..."

"जीव किती?" उषाताईंनी विचारलं.

"येईल. ऐका."

"ओझं सोळा शेर, ऊब साठ, प्रकाश सत्तर..."

"अहो, पण जीव किती?"

उषाताई वार करत राहिल्या, दर वेळी आवाज पुन्हा भुकेपासून सुरू झाला, आणि पाचव्या ओळीच्या शेवटी तो म्हणाला, "लौकिक बारा, मंत्र वीस, दम एकवीस, जीव शून्य. आपण मृत आहात."

उषाताई तीनदा मेल्या. तिसऱ्यांदा तर मेल्यानंतरही आवाज शांतपणे सांगत होता की ओझं सोळा शेर आहे. त्यांनी ओढणी सोडली. कपाळाला घाम आला होता.

प्रकाश खिडकीजवळून म्हणाला, "म्हणजे मी सत्तर आहे हे यांना दरवेळी मोठ्याने सांगितलं जातं?"

"हो," होनराव म्हणाले.

"सात वर्षं?"

"सात वर्षं. वाईट वाटून घेऊ नका."

भुकेने पदर सारखा केला. "साहेब, आम्हाला वाटायचं आम्ही कोपऱ्यात गुपचूप उभे असतो," ती म्हणाली. "ज्याला हवं तो बघेल, नको तो बघणार नाही. आम्ही बोलतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं." तिने उषाताईंकडे पाहिलं. "तरी कामावरून काढू नका, ताई. काम नसलं की माझा आकडा कुणी मोजत नाही. मग मी आहे की नाही तेच मला कळत नाही."

उषाताई बराच वेळ लिहीत होत्या. पावणेचारला त्यांनी आदेश वाचला. मांडणी या शब्दात गप्प बसणंही येतं. होनरावांच्या ओळीत दम आणि जीव बोलतील. बाकी नऊ जण सेवेत कायम राहतील, ज्येष्ठता अबाधित, मात्र विचारल्याखेरीज बोलणार नाहीत.

"आणि विचारलंच नाही तर?" भुकेने विचारलं.

"मी रोज जेवणाआधी विचारीन," होनराव म्हणाले.

भुकेने सही केली. मग बाकीच्यांनी केल्या. ओझ्याच्या सहीने कागद थोडा फाटला, तो उषाताईंनी मागून चिकटपट्टी लावून घेतला.

चार वाजता तुकडी काळ्या दरवाज्याशी जमली. पाच जण. इस्माईलने विचारलं, "भाऊ, तयार?" होनरावांनी ढाल पुढे केली. बैठकीच्या खोलीत नऊ जण भिंतीला टेकून उभे राहिले. उषाताईंची परतीची गाडी पाचला होती. त्या बसूनच राहिल्या.

पहिली गदा बसली. आवाज म्हणाला, "दम अठ्ठेचाळीस, जीव नव्वद." इतकंच, आणि मग शांतता. सात वर्षांत त्या जागी होनरावांनी शांतता ऐकली नव्हती.

"दम चाळीस, जीव एकोणऐंशी." ढाल. "दम छत्तीस, जीव सत्तर." वार. जीव अठ्ठावीस झाला तेव्हा त्यांनी कुपी घेतली, अगदी वेळेवर, आणि भिंतीजवळून कुणीतरी "वा!" म्हणालं. दुसरी कुपी संपली. तुकडीतले दोघं पडले. तिसरीही संपली. द्वारपाल एका गुडघ्यावर आला, पण गदा थांबली नाही.

"दम चार, जीव चौतीस."

"दम दोन, जीव चोवीस."

मग असं एक झालं, जे नियमावलीत नाही. आवाज म्हणाला, "दम थांबतो. जीव चौदा." दमाने आपण होऊन दम धरला होता. ओळीत एकटा जीव उरला.

चौदा. द्वारपालाची एक गदा नऊ ते अकरा घेते. एक गदा झेलता येईल, दुसरी नाही. हा हिशेब इतरांना कधीपासून जमत होता. होनरावांना तो आज पहिल्यांदा वेळेत करता आला. त्यांनी ढाल टाकली.

"भाऊ, ढाल!" इस्माईलने लिहिलं.

होनरावांनी वार केला. गदा बसली.

"जीव तीन."

त्यांनी पुन्हा वार केला.

आवाजाने नेहमीच्याच सपाट सुरात वाचलं, "द्वारपाल कोसळला. काळा दरवाजा उघडला."

नऊ जण एकदम ओरडले. ऊब रडली. ओझ्याने दिवाणावर उडी मारली आणि दिवाणाची मधली फळी गेली, पण वैजयंताबाई काही बोलल्या नाहीत, कारण त्या स्वतः खुर्चीवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. इस्माईलने सलग सहा वेळा "भाऊ" असं लिहिलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही. होनराव हात मांडीवर ठेवून बसले होते आणि हसत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"आत जा," उषाताई म्हणाल्या. "आधी तुम्ही जा."

होनरावांनी 'पुढे जा' असं टाइप केलं. आवाज म्हणाला, "या जागेचं वर्णन उपलब्ध नाही. प्रथम येणाऱ्याने लिहावे."

"बावीस वर्षांत कुणी इथवर पोचलंच नव्हतं," उषाताई जराशा ओशाळून म्हणाल्या. "म्हणून लिहायचं राहिलं."

होनरावांनी लिहिलं:

'छत फार उंच आहे. टाळी वाजवली तर आवाज उशिरा परत येतो. डावीकडून ओल्या दगडाचा वास येतो, उजवीकडून जुन्या तेलाचा. फरशी मधोमध झिजलेली आहे, तेव्हा वाट कुणाला विचारावी लागत नाही. वारा आतून बाहेर येतोय. म्हणजे पुढे आणखी जागा आहे.'

उषाताईंनी ते मागे उभं राहून वाचलं. "भिंतींचा रंग?" त्यांनी विचारलं.

"नाही," होनराव म्हणाले.

"बरं," उषाताई म्हणाल्या आणि वर्णन मंजूर केलं.

त्यानंतर त्या दालनात शंभरावर माणसं येऊन गेली. कुडाळचा एक जण आत टाळ्या वाजवत अर्धा तास थांबला होता म्हणतात. भिंतींचा रंग कोणता, असं अजून कुणी विचारलेलं नाही. पुढच्या रविवारी चार वाजता होनराव, इस्माईल आणि बाकीचे तिघं दालनात जमले. होनरावांनी ढाल उचलली, आणि ते पाचही जण वारा येत होता तिकडे चालू लागले.