स्तेफानियाचं तिकीट कुठे गेलं

ज्या वर्षी माझ्या लेकीने सोडलेल्या नवऱ्याशीच पुन्हा लग्न केलं, त्या वर्षी, म्हणजे १९८२ साली, माझे धाकटे दीर ओनुफ्री हे कीव शहरातले सगळ्यात मोठे गुप्तहेर झाले. असं मी म्हणत नाही, ते म्हणत.

"वहिनी," लग्नाच्या जेवणात पेला उंचावून ते म्हणाले, "गुन्हेगार कायद्याला भीत नाही, तुरुंगाला भीत नाही. तो फक्त एका नजरेला भितो. ती नजर या घडीला तुमच्या समोर बसली आहे."

ती नजर त्या घडीला माझ्या ताटातल्या डुकराच्या खारवलेल्या चरबीच्या तुकड्यावर होती.

या माणसाने तीस वर्षं बटणांच्या कारखान्यात दोन भोकांची बटणं चार भोकांच्या बटणांतून निवडून वेगळी केली. एवढ्या अनुभवावर निवृत्तीनंतर त्यांना फुकट्या प्रवाशांना पकडणाऱ्या स्वयंसेवकांत घेतलं. कामाची रीत अशी, की दंडावरचा लाल पट्टा खिशात लपवून साध्या माणसासारखं ट्रॉलीबसमध्ये चढायचं आणि दारं मिटून गाडी हलली की पट्टा चढवून गरजायचं. पकडलेल्याच्या कामाच्या जागी पत्र जायचं. नावं टिपायला वही घेऊन मी बरोबर असे आणि पत्रही मीच लिहीत असे, कारण ओनुफ्रींचं अक्षर खुद्द ओनुफ्रींना लागत नसे. मी अक्षरं शिकले बेचाळिसाव्या वर्षी, पण शिकले ती नीट.

ऑक्टोबरातली सकाळ. नदीकाठच्या पोडिल वस्तीतून वर चढणारी गाडी लोणच्याच्या पिंपासारखी ठासून भरली होती. आमच्या पुढे, तिकिटाला भोकं पाडायच्या यंत्राशी, यिव्हा नावाची म्हातारी खारवलेल्या टोमॅटोंची बरणी काखेत धरून उभी. मग ओनुफ्री, मग मी, आणि माझ्या मागे स्तेफानिया, प्रसूतिगृहातली दाई. यंत्रापर्यंत कुणाचाच हात पोचत नसतो, म्हणून तिकीट पुढे द्यायचं, ते हातोहात जातं आणि भोकं पडून हातोहात परत येतं. आमच्या शहरात नवऱ्यावर विश्वास नसलेली बाईसुद्धा आपलं तिकीट बिनदिक्कत अनोळखी माणसाच्या हाती देते.

"जरा पुढे द्या हो," स्तेफानिया म्हणाली. मी तिचं तिकीट ओनुफ्रींना दिलं. वेषांतर पुरं व्हावं म्हणून त्यांनीही एक तिकीट काढलं होतं. दोन्ही त्यांनी पुढे सरकवली. खट् असा आवाज झाला. थोड्या वेळाने ओनुफ्री परत आलेल्या तिकिटावरचे आकडे ओठ हलवत जुळवताना दिसले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, जसा तो फक्त चरबीसमोर उजळतो.

"दोनशे चौऱ्याहत्तर, सातशे सहा," ते माझ्या कानात म्हणाले. "पहिल्या तिन्हींची बेरीज तेरा, शेवटच्या तिन्हींची तेरा!"

अशा तिकिटाला आमच्याकडे नशिबाचं तिकीट म्हणतात. मनात इच्छा धरायची आणि ते खाऊन टाकायचं. शहाणी माणसं गाडीतून उतरल्यावर खातात. ओनुफ्रींनी तिथेच तोंडात टाकलं, कारण त्यांच्याकडे लाल पट्टा होता, त्यांना तिकीट दाखवायला सांगणार कोण! मग ते चघळतच राहिले. घास गिळून त्यांनी खिशातून पट्टा काढला.

"नागरिकहो, तिकिटं दाखवा!"

सगळ्यांनी दाखवली. स्तेफानियाने हात पुढे केला तो रिकामा.

"माझं परतच आलं नाही. तुमच्याच हातातून पुढे गेलं ना!"

"हेच प्रत्येक गुन्हेगार सांगतो," ओनुफ्री म्हणाले. "वहिनी, वही काढा. नाव लिहा. कामाची जागा लिहा."

स्तेफानियाने वहीवर हात ठेवला. "ताई, नका लिहू. बारा वर्षं मी, आई आणि मुलगा एका खोलीत राहतोय. आई पडद्याच्या अलीकडे, आम्ही पलीकडे. शुक्रवारी कामावरून मिळणाऱ्या घरांची यादी लागणार आहे. माझा तिसरा नंबर आहे. असलं पत्र गेलं तर नाव शेवटाला टाकतील, मग आई त्या खोलीतून बाहेर पडणार कशी? चौघांच्या खांद्यावरूनच."

माझी पेन्सिल थांबली. ओनुफ्रींची बुद्धी मात्र थांबली नाही, कारण थांबायला आधी चालावं लागतं.

"शक्यता पहिली," त्यांनी बोट वर केलं. "तिकीट नव्हतंच. हिने रिकामी मूठ पुढे केली."

"मी स्वतः हातात घेतलं की ते, भाऊजी," मी म्हणाले.

"शक्यता दुसरी. वाऱ्याने खिडकीतून गेलं."

"खिडक्या परवाच चिकटपट्टी लावून बंद केल्यात, आजोबा," मागून कुणीतरी ओरडलं. "वारा कुठून येतोय, तुमच्या डोक्यातून?"

"शक्यता तिसरी!" आता त्यांचे डोळे बरणीवर स्थिरावले. "यंत्राशी कोण उभं होतं? हिच्या हातात काय आहे? खारं पाणी. कागद विरघळवायला याहून उत्तम जागा नाही."

यिव्हाने बरणी छातीशी धरली. "मेल्या, माझ्या टोमॅटोंना हात लावलास तर हात कोपरापासून काढीन! मला एक शब्द तरी विचारलास का तू?"

"साक्षीदाराला विचारायचं नसतं, म्हातारे. साक्षीदार तपास बिघडवतो." असं म्हणून त्यांनी झाकण काढलं, बरणीत हात घातला, एक टोमॅटो बाहेर काढला, वास घेतला आणि खाल्ला. "निर्दोष," ते म्हणाले, आणि निर्दोषपणा पक्का करायला दुसरा काढला.

गाडी हसत होती. स्तेफानिया हसत नव्हती. चालकीण कर्ण्यातून ओरडली, "लवकर आटपा, पुढच्या थांब्यावर दार उघडणार आहे! पकडायचं तर पकडा, सोडायचं तर सोडा!"

मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी सगळ्यात साधा प्रश्न विचारला. "यिव्हाबाई, तुम्ही तिकिटं कशी टोचलीत?"

"कशी म्हणजे? एक हात बरणीला, उरला एक. दोन्ही तिकिटं एकावर एक ठेवून खाचेत घातली आणि एकदाच दांडी दाबली. पातळ कागद, टोचले की चिकटतात. तशीच चिकटलेली जोडी परत दिली."

"कुणाला?"

"ह्याला. टोमॅटोचोराला."

सगळी गाडी ओनुफ्रींकडे वळली.

"मला एकच तिकीट मिळालं," ओनुफ्री म्हणाले.

"मग दाखवा ते," स्तेफानिया म्हणाली.

ओनुफ्रींनी आधी एक खिसा चाचपला, मग दुसरा.

"भाऊजी," मी म्हणाले, "चिमूटभर कागद तुम्ही बाजारापासून चर्चपर्यंत चघळत होता. कवळी काढा."

"वहिनी! लोकांसमोर?"

"काढ रे, काढ!" सगळे ओरडले. चालकिणीनेही कर्ण्यातून ओरडून घेतलं.

त्यांनी कवळी काढली. वरच्या दाढांमागे लगद्याचा एक तुकडा चिकटला होता. यिव्हाने नखाने तो उचलला आणि उजेडात धरून दोन पापुद्रे अलग केले. दोन्हींना सारखीच भोकं. एकावर शेवटचे आकडे होते, शून्य सहा. दुसऱ्यावर तीन आठ.

"हे तीन आठ माझं!" स्तेफानिया किंचाळली. "माझं मूल तिसऱ्या महिन्याच्या आठ तारखेला झालं, म्हणून लक्षात होतं."

ओनुफ्रींनी कवळी पुसून बसवली. आवाज परत आला, त्यासोबत ते स्वतःही आले. "माझा तपास यशस्वी झाला. गुन्ह्याचा पुरावा मी आधीपासूनच ताब्यात ठेवला होता."

मी वही उघडली. गाडीत विनातिकीट कोण आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. स्तेफानियाचं तिकीट, चघळलेलं का होईना, सापडलं होतं. नशिबाचं तिकीट मात्र त्याच्या मालकाने स्वखुशीने नष्ट केलं होतं. मी सावकाश, नीट अक्षरात ओनुफ्रींचं पूर्ण नाव लिहिलं. कामाच्या जागेपुढे लिहिलं, बटणांचा कारखाना, निवृत्त. पत्र मीच पोस्टात टाकलं. कारखान्याने ते जेवणघराच्या भिंतीवर वर्षभर लावून ठेवलं होतं, असं मला तिथल्या स्वयंपाकिणीने सांगितलं.

यादी शुक्रवारी लागली. स्तेफानियाला नदीच्या डाव्या किनाऱ्यावर नवव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. तिची आई त्यातल्या एका खोलीत एकटी झोपू लागली आणि १९८४ च्या मे महिन्यात त्याच खोलीत वारली. ओनुफ्री १९८५ च्या मार्चमध्ये न्यूमोनियाने वारले.