पेट्रोलने धुतलेला शर्ट

रविवारी दुपारी नव्या शर्टावर दोन काळे डाग दिसले आणि अंकुश मडावी सरांनी ठरवलं, हे डाग आपणच काढायचे. इथेच सगळं बिघडलं.

शर्ट साधासुधा नव्हता. सोमवारी चंद्रपूरच्या विज्ञान प्रदर्शनात सरांचं भाषण होतं, ‘दैनंदिन जीवनातील हायड्रोकार्बन’. सात वर्षं अर्ज केल्यावर मिळालेलं. (तेही मूळ वक्ता आजारी पडला म्हणून.) त्यासाठी शिवलेला पांढराशुभ्र शर्ट सर जिवतीला सासुरवाडीत मिरवून आले होते. येताना वाटेत डांबरीकरण चालू होतं.

“डांबर!” सर म्हणाले.

“डांबर नाई होय थे, बिब्बा होय,” त्यांची बायको रंजीता म्हणाली. “मायनं टाचेच्या भेगांसाठी बिब्बे दिले ना, घरी आल्यावर तुमी शर्ट काढून त्याच थैलीत कोंबला. हात नोका लावू जी, अंगावर उतते, फोड येते.”

“डांबर म्हणजे हायड्रोकार्बन. पेट्रोलही हायड्रोकार्बन. समानात समान विरघळतं!”

“धोबी बिब्ब्यानंच कपड्याले खुणा करते. मरेपर्यंत जात नाई.”

“धोबी केमिस्ट्री शिकला नाही!”

सरांनी गाडीतून पेट्रोल काढलं आणि बोळ्याने डाग घासला. डाग हलला. सर खूश झाले. मग डाग पसरला, दोनाचा एक झाला, खिशापर्यंत पोचला. सरांनी टर्पेंटाइन आणलं. त्यावर व्हॅसलिन चोपडलं. (तेही हायड्रोकार्बनच, सर तत्त्वाला पक्के.) तोंडावर घाम आला, तो त्याच हातांनी पुसला.

सकाळी आरशात सर सापडेनात. डोळ्यांच्या फटी, ओठांचे वडे, गालांवर फोड.

“मेलो वो, रंजीता! आग होऊन राह्यली!”

“मी काय सांगून राह्यली होती?” तिने कपाळावर हात मारला. डॉक्टरकडून इंजेक्शन झालं, मग तिने खोबरं वाटून तोंडावर थापलं. सरांना बिब्ब्याचा राग आला, पेट्रोलचा आला, पण सर्वांत जास्त राग बायको खरी ठरल्याचा आला.

तरीही सर जुना शर्ट घालून मंचावर उभे राहिले. सात वर्षं कुणी फुकट घालवतं का? पण ओठांतून ‘हायड्रोकार्बन’ काही केल्या निघेना. तिसऱ्या प्रयत्नाला यजमान शाळेच्या मुख्याध्यापकांनी वैतागून माइक काढून सोबत आलेल्या रंजीताकडे दिला. “बाई, तुमीच सांगा काय झालं थे.”

रंजीताने सांगितलं. बिब्ब्याचं तेल पेट्रोलात विरघळतं, पसरतं आणि कातडीत शिरतं. “अजी, जरा इकडं वळा,” असं ती म्हणाली, की सर वळायचे. “आता दुसरा गाल.” सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

उत्कृष्ट प्रयोगाचं बक्षीस रंजीताला मिळालं. प्रमाणपत्रावर सरांचंही नाव छापलं होतं. ‘साहित्य’ या रकान्यात, पेट्रोलच्या खाली.