न बसणारा बाप

"आज त्या झेफानियाला मी तोंडच उघडू देणार नाही! बघच तू!" तिमोथेस स्वार्टबूयने तंबूबाहेर कॉफी पिता पिता बायकोला छातीठोकपणे सांगितलं. कॉफी अर्थातच उभ्यानं चालली होती.

त्याचं काय झालं, ईस्टरच्या सुट्टीत ऑरेंज नदीकाठी मुक्काम टाकायचा, सकाळी डोंगर चढायचा आणि दुपारी तराफ्यातून नदी उतरायची, हा बेत तिमोथेसचाच. पण लेक आल्विनानं परस्पर तिचं ज्याच्याशी जमलं होतं त्या हिस्कियालाही बोलावलं, आणि हिस्किया ल्युडेरिट्झहून आपल्या काकांना घेऊन हजर झाला. झेफानियाकाका भर वाळवंटात काळा कोट आणि काळी हॅट घालून गाडीतून उतरले, तेव्हाच तिमोथेसनं काय ते ओळखलं. कोट घालून कुणी सहलीला येतं का? कोट घालून मागणी घालायला येतात!

आता स्वार्टबूयांच्या घरचा रिवाज असा, की मुलीचा बाप खाली बसलेला असेल तेव्हाच हॅट काढून मागणी घालायची. उभ्या बापाला घातलेली मागणी जमेत धरत नाहीत. तिमोथेसनं नेमकी तीच पळवाट धरली. बसायचंच नाही!

"अरे, पण कधीतरी बसशीलच ना?" त्याच्या बायकोनं, द्रुसिलानं विचारलं.

"बसेन की! ते लोक गेल्यावर!"

खरं सांगायचं तर हिस्किया त्याला आवडायचा. पण ल्युडेरिट्झ म्हणजे त्यांच्या कारासबर्गहून अख्ख्या दिवसाची वाट. आल्विना गेली की घर खायला उठणार होतं, आणि ते नुसतं मनात आलं तरी त्याला रडू फुटायचं.

डोंगरावर सगळे घामाघूम झाले. कोकरबूमच्या झाडाची तोकडी सावली दिसताच जो तो तिथं फतकल मारून बसला. काकांनी शेजारचा दगड हातानं झाडला.

"या की! टेका जरा!"

"छे छे! मला मुळी बसवतच नाही!"

काकांनी हळूच द्रुसिलाला विचारलं, "मूळव्याध का हो?"

नवऱ्याच्या हट्टाला कंटाळलेली द्रुसिला म्हणाली, "फार जुनी!"

झालं! तिथून पुढे सगळे तिमोथेसशी जपून वागू लागले. हिस्कियानं आपलं ब्लँकेट घडी घालून उशीसारखं पुढं केलं. "मऊ आहे, काका. लाजू नका." खाली उतरल्यावर काकांनी त्याच्या पानातलं तिखट बोकडाचं मटण काढून घेतलं आणि वर शार्कच्या यकृताचं तेल पाठवायचं कबूल केलं. "सकाळ-संध्याकाळ लावायचं. घोड्यावर बसाल!" तिमोथेस नुसती कोरडी रोटी चघळत उभा राहिला. पायांचे पार तुकडे पडले होते, पण चेहऱ्यावर विजय!

तराफा पाण्यात सोडेपर्यंत एक गोष्ट त्याच्या टाळक्यातच आली नव्हती. तराफ्यात बसावं लागतं!

"सगळ्यांनी बसून घ्या!" वल्हं मारणारी मुलगी ओरडली.

"मी उभाच बरा."

"अहो काका, ही नदी आहे! चर्च नाही!"

"पा, बस ना रे!" आल्विना काकुळतीला आली.

पण पा कसला ऐकतोय! संथ पाण्यात जमलं. मग पुढं खळाळ लागला, तराफ्यानं एक गचका दिला आणि तिमोथेस हवेत हात मारत नदीत गेला! लाइफ जॅकेटमुळं बुडाला नाही एवढंच. प्रवाहानं त्याला गरगर फिरवलं आणि काठालगतच्या उथळ पाण्यात एका सपाट खडकावर अलगद ठेवून दिलं. बसलेला! उठायला गेला की शेवाळावरून पाय सटके, की पुन्हा बैठक.

तराफा शेजारी येऊन थांबला. झेफानियाकाकांनी ओलीचिंब हॅट काढली, तिच्यातलं पाणी ओतलं आणि ती छातीशी धरली.

"तिमोथेसभाऊ, तुम्ही बसलात."

"बसलो नाही! पडलोय!"

"बूड टेकलंय ना? मग बसलात!" काकांनी घसा साफ केला. "आमच्या हिस्कियासाठी तुमची आल्विना मागतो. आणि घाबरू नका, तिला न्यायला आलो नाही. पोराला कारासबर्गच्या शाळेत नोकरी लागलीय. तुमची मागची खोली दिलीत तर दोघं तिथंच राहतील."

तिमोथेसनं लेकीकडं पाहिलं. ती ओठ चावत त्याच्याकडंच बघत होती. त्याचे डोळे भरून आले. तोंड आधीच ओलं होतं म्हणून बरं.

"दिली! पोरगी दिली, खोलीही दिली!"

आल्विनानं तराफ्यातून उडीच मारली आणि बापाच्या गळ्यात पडली.

"हेच सांगायला हे काका बिचारे सकाळपासून तुझ्या मागं फिरतायत!" द्रुसिला कडाडली. "कुठंही बसला असतास तरी कळलं असतं!"

झेफानियाकाकांनी सुस्कारा सोडून हॅट डोक्यावर चढवली. "देव पावला! आता निदान पहाटे झोप तरी लागेल."

"म्हणजे?"

"पोरगा चर्चच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. कोंबडा आरवायच्या आधी सराव सुरू. गल्लीतल्यांनी आमच्याशी बोलणं टाकलंय."

तिमोथेस ताडकन उठला. या खेपेला पाय जराही सटकला नाही.

"थांबा! थांबा! मी उभा आहे! हे बघा, उभा आहे!"

"आता उभे राहा नाहीतर नाचा," काका हॅट आणखी घट्ट बसवत म्हणाले.