उतरलात कसे?

हिमालयावरचा माहितीपट बघायला हिमालयात निघाल्यासारखा पोशाख करून येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डोक्याला तपकिरी कानटोपी, गळ्यात मफलर, स्वेटरवर बिनबाह्यांचा आणखी एक स्वेटर, पायात लोकरीचे मोजे आणि खांद्याला थर्मास. सभागृहाचा एसी हा खास आपल्याविरुद्ध रचलेला कट आहे, अशी त्यांची पक्की समजूत आहे. पडद्यावरचा गिर्यारोहक बर्फात कुडकुडायला लागला की ते थर्मासचं झाकण उघडतात, चहा ओततात आणि शेजारच्याला, म्हणजे मला, हळूच म्हणतात, "घ्या वानखडे. तो तिकडे सोसतोय, आपण कशाला सोसायचं?"

हे सबनीस. विश्रांतवाडीला आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मी मूळचा अकोल्याचा, नोकरी खराडीला. पुण्याची माणसं तुटक बोलतात असं ऐकून इथं आलो होतो. सबनीस भेटल्यावर कळलं की तुटक बोलणं वेगळं आणि सरकारी शेरा मारणं वेगळं. ते निवृत्त लिफ्ट इन्स्पेक्टर. लोकांच्या इमारतींत जाऊन लिफ्ट तपासण्यात त्यांची नोकरी गेली. नोकरी संपली, पण तिची भाषा काही सुटली नाही. जगातल्या कुठल्याही गोष्टीला त्यांचे दोनच शेरे असतात. एक, "त्रुटी आढळल्या." दुसरा, "तपासणीअंती समाधानकारक." पहिला ते रोज देतात. माझ्या बायकोच्या पुरणपोळीपासून आळंदी रस्त्यावरच्या नव्या सिग्नलपर्यंत सगळीकडे त्यांना त्रुटी आढळलेल्या आहेत. दुसरा शेरा मी त्यांच्या तोंडून फक्त एका कुलपाबद्दल ऐकला होता, आणि ते कुलूप त्यांचं स्वतःचं होतं.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते कधीही थेट चढत नाहीत. आत हात घालून वरच्या मजल्याचं बटण दाबतात, लिफ्ट रिकामीच वर पाठवतात, मग परत बोलावतात आणि ती येताना मान तिरकी करून तिचा आवाज ऐकतात. मागे भाजीच्या पिशव्या घेऊन उभी असलेली मंडळी तोवर दात-ओठ खात असते. कोणी तक्रार केलीच तर सबनीसांचं उत्तर ठरलेलं. "वर जाते याचं कौतुक कोणीही करेल. ती खाली कशी येते हे बघायला सरकारनं मला नेमलं होतं."

आता हा माणूस साहसाच्या वाटेला का जावा? आयुष्यात पर्वतीसुद्धा ते एकदाच चढले, तेही कोणाच्या तरी लग्नानंतर देवदर्शनाला म्हणून. पण दर हिवाळ्यात डेक्कनच्या बाजूला माहितीपटांचा जो महोत्सव भरतो, साहस, पर्यावरण, सामाजिक बदल असा सगळा ऐवज एकत्र असलेला, त्याला त्यांची हजेरी चुकत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी मला "जरा सोडता का?" एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून मी आणि माझी गाडी दोघंही त्यांच्याबरोबर महोत्सवाला लागलो आहोत.

चित्रपट संपला की दिग्दर्शक मंचावर येतो, प्रश्नोत्तरं होतात. इथं सबनीसांचा खरा महोत्सव सुरू होतो. एका तरुणाने कुठल्याशा भयंकर सुळक्यावर केलेली चढाई दाखवली होती. शिखरावर झेंडा, डोळ्यांत पाणी, मागे संगीत, आणि समाप्त. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. सबनीस तेवढे बसून राहिले. टाळ्या थांबल्यावर ते उठले आणि म्हणाले, "वर गेलात, अभिनंदन. उतरलात कसे?"

तो तरुण हसला. सभागृहही हसलं. सबनीस हसले नाहीत. "नाही, ते चित्रपटात नाही. अंधार पडत आला होता, तुमच्या साथीदाराच्या बोटांना संवेदना नव्हती. पुढे?" त्या मुलाने मग आठवून आठवून सगळं सांगितलं. सबनीस कानटोपीचा एक कान वर करून ऐकत राहिले आणि शेवटी "त्रुटी आढळल्या" म्हणून खाली बसले.

पर्यावरणवाल्यांनाही त्यांनी सोडलं नाही. नदी स्वच्छ करणाऱ्या गटाला, "कचरा काढलात. नेलात कुठे?" गावात सौर दिवे लावणाऱ्या बाईंना, "बॅटरी संपल्यावर कोण येतं?" दारूबंदी केलेल्या गावाचा चित्रपट आला तेव्हा तर दिग्दर्शकाने आपणहून सांगून टाकलं की सध्या तिथं काय चाललंय ते मला माहीत नाही. बाकीच्यांना कॅमेऱ्याचे, संगीताचे, प्रेरणेचे प्रश्न पडतात. आमच्या माणसाला चित्रपट संपल्यानंतरचं सगळं हवं असतं.

संयोजक टेकीला आले. स्वयंसेवक मुलांनी "कानटोपी" हा आपसातला इशाराच ठरवून टाकला. एका वर्षी त्यांच्यापर्यंत माईक पोचूच दिला नाही. दुसऱ्या दिवशी सबनीस वेष पालटून, म्हणजे कानटोपी खिशात घालून, भलत्याच रांगेत बसले. तरीही माईक मिळेना तेव्हा त्यांनी माईकशिवायच प्रश्न विचारला. गच्चीवरच्या मशीनरूममधून तळमजल्यावर ओरडून सूचना देण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला माईकची काय मातब्बरी?

त्यांची मुलगी केतकी गिर्यारोहक आहे हे मला ठाऊक होतं. सबनीसकाकू गेल्यापासून त्या घरात बाप आणि लेक, म्हणजे बहुतेक दिवस नुसता बापच. हिवाळाभर तर ती बर्फातल्या शिबिरांवर शिकवायला असते. केतकी कुठे आहे असं विचारलं की सबनीस "हिमाचल" म्हणतात, ती हडपसरला गेली असावी अशा सुरात. तिच्या मोहिमांबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. तिला निरोप द्यायला स्टेशनवरही जात नाहीत. लेकीचं हे वेड त्यांना पसंत नसावं, असा आम्ही सगळ्यांनी अंदाज बांधला होता.

यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत केतकीचं नाव होतं. तिने आपल्या मोहिमेवर चित्रपट केला होता. वडिलांना ती म्हणाली होती, बाबा, तुम्ही नका येऊ, तुम्हाला कंटाळा येईल. ते दरवर्षी इथं असतात, याचा तिला पत्ताच नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही गाडीने निघालो. संगमवाडीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबला, तरी सबनीसांना त्यात त्रुटी आढळली नाही, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. सभागृहात शेवटच्या रांगेत बसलो. सबनीसांनी थर्मासचं झाकण उघडलं, पण चहा ओतला नाही.

"वानखडे," ते म्हणाले, "आज मी हात वर केला तर खाली ओढा."

मी का म्हणून विचारलं.

"तिच्यासमोर नको. तिला कळेल."

"काय कळेल?"

"की मी घाबरतो." त्यांनी झाकण परत लावलं. "घरी विचारायची सोय नाही हो. पूर्वी विचारायचो. मग मला त्रास नको म्हणून ती कमी कमी सांगायला लागली. 'छान झालं बाबा', एवढंच. म्हणून इथं येऊन बाहेरच्यांना विचारतो. बर्फ तेच, दोर तेच. त्यांच्या सांगण्यावरून अंदाज येतो, तिनं काय काय सोसलं असेल."

मला एकदम इतकी वर्षं त्यांच्या प्रश्नावर हसणारं सभागृह आठवलं. त्यात मीही होतो. मी चहा मागून घेतला.

चित्रपट सुरू झाला. चढाई होती, वारा होता, शिखर अगदी हाताशी आलेलं दिसत होतं. सबनीसांनी माझं मनगट धरलं होतं. आणि मग पडद्यावरची केतकी थांबली, तिने आभाळाकडे बघितलं, साथीदारांशी दोन शब्द बोलली आणि वळली. शिखर न गाठताच. पुढचा सगळा चित्रपट उतरण्याचा होता. गोठलेला दोर, घसरणारे पाय, तंबू, सोललेल्या टाचा, खालच्या गावातली चहाची टपरी. संगीत नाही, झेंडा नाही. सभागृहात थोडी चुळबुळ झाली. सबनीस मात्र पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आले होते.

केतकी मंचावर आली. पहिल्याच रांगेतून एका मुलाने विचारलं, की टॉप एवढा जवळ असताना परत फिरायला मन कसं झालं?

"मी लिफ्ट इन्स्पेक्टरची मुलगी आहे," ती म्हणाली. "लहानपणी सुट्टीत बाबांबरोबर जायचे. ते म्हणायचे, वर नेणं मोटरचं काम, खाली आणणं ब्रेकचं. आधी ब्रेक बघायचा. त्या दिवशी माझ्या ब्रेकची मला खात्री नव्हती."

माझ्या शेजारचा हात वर गेला. मी तो ओढला नाही. माईकवाल्या मुलीने कानटोपी पाहिली, क्षणभर घुटमळली आणि कसं कोण जाणे, माईक आणून दिला. सगळं सभागृह मागे वळलं. नेहमीचे लोक आधीच हसायला लागले होते. मंचावर केतकीने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बघितलं आणि ती तशीच उभी राहिली.

सबनीस उठले.

"प्रश्न नाही," ते म्हणाले. "तपासणीअंती समाधानकारक."

आणि बसले. मग एसी फार आहे असं पुटपुटत त्यांनी कानटोपी पार नाकापर्यंत खाली ओढली. ती बराच वेळ तिथंच राहिली.

येताना केतकी आमच्याच गाडीत होती. दोघंही खिडकीबाहेर बघत होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. सोसायटीत पोचलो. सबनीसांनी शिरस्त्याप्रमाणे लिफ्ट रिकामी वर पाठवली. केतकी त्यांच्याशेजारी उभी राहिली आणि तिनेही मान तिरकी करून आवाज ऐकायला सुरुवात केली, अगदी त्यांच्यासारखी. सबनीसांनी तिच्याकडे बघितलं आणि कानटोपी काढून हातात घेतली.

"तो दोर गोठला होता, तिथून," त्यांनी विचारलं, "उतरलीस कशी?"

"सगळं सांगू?"

"सगळं."

ती सांगायला लागली. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, कोणी आत जाईना म्हणून आपोआप मिटलं. तिचं सांगणं चालूच होतं. मी जिन्याने वर गेलो.